नाकं मुरडणारे शहाणे होते

(पोस्ट मोठी झालीय. सवडीनं वाचा.)

आमच्या गावात मोबाईलचं दुकान असलेला एक मित्र आहे. जगात कुठंही नवीन यंत्र आलं की त्याला आधी कळतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ॲपलचा 'व्हिजन प्रो' विक्रीला आला, तेव्हा त्याने दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर त्याचा व्हिडिओ लावला होता. डोळ्यांवर जाडजूड काळा गॉगल चढवलेला माणूस हवेत बोटं हलवतोय. समोर काहीच नाही, पण त्याला दिसतंय. रिचार्ज करायला आलेल्या एका काकांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का त्याचं?"

सगळे हसले. मित्र वैतागला. म्हणाला, "काका, आपल्या लोकांचं हे असंच. मोबाईल आला तेव्हाही हसले होते."

हा 'आपल्या लोकांचं असंच असतं' वाला मुद्दा तेव्हापासून डोक्यात बसलाय. कारण तो खरा नाही. त्या काकांसारखेच अमेरिकेतले लोकही हसत होते. ५ जून २०२३ ला ॲपलने हा हेडसेट पहिल्यांदा दाखवला, तेव्हा जाहिरातीत एक बाप दाखवला होता. मुलं समोर खेळतायत आणि हा डोक्यावर यंत्र चढवून त्यांचा व्हिडिओ घेतोय. कंपनीला वाटलं असणार, काय हृद्य प्रसंग आहे! लोकांनी त्याची पार खिल्ली उडवली. पोरं समोर असताना हा बाप नेमका कुठं आहे, असं तिकडचे लोक विचारत होते. हे विचारणारे अडाणी नव्हते. त्यातले कित्येक जण आयफोन वापरणारेच होते.

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोरची खरी खोली, खरा रस्ता दिसत राहतो आणि त्याच्यावर कॉम्प्युटर आपली चित्रं, अक्षरं, बाण चढवतो. लग्नघरातली पोरं मोबाईलवर कुत्र्याचे कान लावून फोटो काढतात ना, तो याच तंत्राचा धाकटा भाऊ. म्हणजे लोकांचं या तंत्राशी काही वैर नाही. २०१६ मध्ये पोकेमॉन गो खेळत अर्धं जग रस्त्यावर उतरलं होतं. मोबाईलवर चाललेलं हेच तंत्र चेहऱ्यावर आलं की मात्र लोक बिचकतात. कंपन्या म्हणतात किंमत जास्त आहे, वजन जास्त आहे, ते कमी करू. व्हिजन प्रोची किंमत ३,४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन लाखांच्या आसपास. वजन सहाशे ग्रॅमच्या वर. बॅटरी वेगळी, वायरीने जोडून खिशात ठेवायची, आणि चालणार दोनेक तास. हे सगळं खरं आहे. स्वतः टिम कुक यांनीही पुढे मान्य केलं की ही सर्वसामान्य ग्राहकासाठीची वस्तू नाही.

पण किंमत आणि वजन हा वापरणाऱ्याचा प्रश्न झाला. समोर बसलेल्याचं काय?

गंमत म्हणजे हा प्रश्न ॲपललाही पडलेला होता. त्यांनी त्या हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला एक पडदा बसवला, आणि आतल्या माणसाचे डोळे त्यावर दाखवायचे ठरवलं. म्हणजे आधी डोळे झाकायचे, आणि मग झाकलेल्या डोळ्यांचं चित्र बाहेर लावायचं! यावरही लोक हसले. मला मात्र ती गोष्ट हसण्यासारखी वाटली नाही. इतक्या मोठ्या कंपनीने एवढा खर्च करून एक कबुली दिली होती, की नजरेला नजर मिळाली नाही तर माणूस माणसाशी नीट बोलत नाही.

याच्या दहा वर्षं आधी गुगलने हाच धडा घेतला होता. २०१२ मध्ये त्यांनी 'गुगल ग्लास' दाखवला, तोही कसा, तर चष्मा घातलेल्या लोकांना सॅन फ्रान्सिस्कोवर आकाशातून उड्या मारायला लावून. २०१३ मध्ये निवडक लोकांना १,५०० डॉलरला तो मिळू लागला. सिॲटलमधल्या एका बारने तर त्याआधीच जाहीर केलं, हा चष्मा घालून आमच्याकडे यायचं नाही. अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी गुगलला पत्र पाठवून खासगीपणाबद्दल जाब विचारला. चेहरा ओळखणारी ॲप या चष्म्यावर चालू देणार नाही, असं गुगलला सांगावं लागलं. तो घालून फिरणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक शिवीवजा टोपणनावच तयार झालं. जानेवारी २०१५ मध्ये गुगलने ही विक्री थांबवली. पुढे तो चष्मा कारखान्यांत, गोदामांत काही वर्षं वापरला गेला. तिथे कुणाची तक्रार नव्हती, कारण तिथे तो कामाचं अवजार होता.

म्हणजे लोकांचा संशय कामाला आला होता. कुठल्या कायद्याने नाही, कोर्टाने नाही. हॉटेलवाला, शेजारच्या टेबलावरची बाई, बसमधला प्रवासी यांनी नाकं मुरडली, आणि एका बलाढ्य कंपनीला माघार घ्यावी लागली.

पण हे शक्य का झालं? कारण तो चष्मा ओळखू येत होता. विचित्र दिसत होता. व्हिजन प्रो तर दहा फुटांवरूनही कळतो. हसायला आधी वस्तू दिसावी लागते.

आता जो चष्मा आलाय तो दिसतच नाही. म्हणजे दिसतो, पण साधा गॉगल दिसतो. मेटा आणि रे-बॅनचा कॅमेरावाला चष्मा मे २०२५ पासून भारतात मिळतोय, २९,९०० रुपयांपासून. (ही पोस्ट तुम्ही ज्या कंपनीच्या ॲपवर वाचताय, चष्मा बहुधा तिचाच. असो.) या चष्म्यात समोर चित्रं दिसत नाहीत, पण कॅमेरा, माईक, स्पीकर सगळं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने काचेत छोटा पडदा असलेला पुढचा चष्माही आणला, ७९९ डॉलरचा. हेडसेटला हसून झालं तोवर हेडसेटच चष्म्याच्या आकाराचा होत आला.

कंपनी सांगते, रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमच्या कोपऱ्यात बारीक दिवा लागतो. तो झाकला तर रेकॉर्डिंग होत नाही. ठीक. पण हा दिवा लोकांच्या लक्षात तरी येतो का, हे दाखवून द्या, असं आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने २०२१ मध्येच या चष्म्याच्या पहिल्या आवृत्तीबद्दल कंपनीला सांगितलं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात तो दिवा कुणाला दिसणार आहे, सांगा. आणि साठेक डॉलर घेऊन तो दिवा बंद करून देणारा कारागीरही अमेरिकेत निघाला. मोबाईल दुरुस्तीत आपली पोरं किती हुशार आहेत ते मी सांगायला नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच्या पुढचं करून दाखवलं. चष्म्यातून येणारं चित्र त्यांनी चेहरा शोधणाऱ्या एका वेबसाईटला जोडलं, आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता काढला. धोका दाखवायचा होता म्हणून केलं, आणि तो प्रोग्राम त्यांनी कुणाला दिला नाही. पण त्यातला एकही तुकडा त्यांनी शोधलेला नव्हता, सगळे बाजारात उपलब्ध होते.

आता कुणी म्हणेल, सीसीटीव्ही नाहीत का? मोबाईल नाहीत का? आहेत. पण सीसीटीव्ही भिंतीवर असतो, खाली पाटी असते. मोबाईलसाठी हात वर करावा लागतो. तो वर गेलेला हात समोरच्याला सांगतो, की आता सांभाळून बोल.

त्या हाताची किंमत बातमीदाराला विचारा. वीस वर्षं हेच करतोय. रेशनच्या रांगेत एका बाईला विचारत होतो, धान्य कमी मिळतं का. ती माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघून म्हणाली, "दादा, ते आधी खिशात घाला, मग सांगते." मी घातला. तिने सगळं सांगितलं, मी नाव-फोटो न देता छापलं. माझ्या नाकावर तो चष्मा असता तर खिशात घालायला काही नसतंच. तिने मला काय काढायला सांगितलं असतं?

आणि खोटं कशाला बोलू, मला मोह होतो. एखाद्या ऑफिसात टेबलाखालून पैसे घेताना डोळ्यांनी बघितलंय आणि हातात पुरावा नाही, असं किती वेळा झालंय. तेव्हा असा चष्मा असता तर! पण मी घालणार म्हणजे वाळूवालाही घालणार. आणि त्याला तीस हजार रुपये म्हणजे काहीच नाहीत. ग्रामसभेत त्याच्या विरोधात कोण बोललं, माझ्यासोबत टपरीवर चहा प्यायला कोण बसलं, हे त्याला नुसतं मान वळवून साठवता येईल.

छोट्या गावात सगळ्यांना सगळं माहीतच असतं, चष्मा कशाला लागतो, असंही मित्र म्हणतो. बरोबर आहे. कोण कुणाचा माणूस हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माहीत असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. "मी असं म्हणालोच नाही" एवढं म्हणायची सोय आहे म्हणून आमच्याकडे गरीब माणूस अधूनमधून तोंड उघडतो. ती सोय गेली तर तो गप्प बसेल, आणि मला बातम्या प्रेसनोटच्या छापाव्या लागतील.

कायदा आहे ना, असंही म्हणाल. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे. पण कुणी स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर त्याला तो कायदा लागूच नाही. बाईचं चोरून चित्रण करणं गुन्हा आहे, पण तो तिच्या खासगी क्षणापुरता. बसस्टँडवर उभ्या असलेल्या मुलीने कुठं जायचं? म्हणजे पुन्हा सगळं नाकं मुरडणाऱ्यांवरच आलं. दवाखान्याच्या, क्लासच्या, पार्लरच्या दारावर 'कॅमेऱ्याचा चष्मा काढून आत यावे' अशी पाटी लावायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. सिॲटलच्या त्या बारवाल्यालाही लागली नव्हती.

परवा मित्राच्या दुकानात बसलो होतो. एक पोरगा स्क्रीनगार्ड बदलायला आला. काळा गॉगल, चांगला दिसत होता. शेजारी वहिनी हिशेबाला बसल्या होत्या. पाचेक मिनिटांनी पोराने गॉगलच्या काडीवर बोट फिरवलं आणि मित्राच्या लक्षात आलं. नव्या यंत्रांचं एवढं कौतुक असलेला माणूस, पण पहिलं वाक्य काय निघालं, "चालू होता का रे हा?"

पोरगा म्हणाला, "नाही हो काका."

मित्राने चष्मा काढून काउंटरवर ठेवायला लावला, काचा खाली करून. मगच स्क्रीनगार्ड बदललं. मोतीबिंदूवाले काका त्या दिवशी दुकानात नव्हते.