खोलीचे भाडे आणि वस्तीची किंमत

रावेर तालुक्यातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. काम कुठे लागले, हा पहिला. आणि खोलीचे भाडे किती, हा दुसरा. खोली कोणत्या वस्तीत आहे, तेथे नळाला पाणी केव्हा येते, मुलांची शाळा किती अंतरावर आणि कोणत्या माध्यमाची आहे, याची चौकशी क्वचितच होते. शेत विकत घेताना विहिरीचे पाणी, बांध, वाट आणि शेजारी या सर्वांची महिनोन्‌महिने खातरजमा करणारा केळीवाला शेतकरी शहरातील बिऱ्हाडाचा निर्णय मात्र एका संध्याकाळी, एका फोनवर उरकून टाकतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या भागातून लोकांनी बाहेर पडणे काही नवे नाही. वाटण्यांमुळे लहान झालेली शेते, दरवर्षी आणखी खोल जाणाऱ्या कूपनलिका आणि पावसाळ्यापूर्वीच्या वादळात एका रात्रीत आडव्या होणाऱ्या बागा, ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पदवी घेतलेली मुले पुण्या-नाशिककडे वळतात. ज्यांच्यापाशी पदवी नाही, किंवा असून उपयोग नाही, त्यांना जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सुरत जवळची वाटते. तालुक्याच्या दक्षिणेने वाहणारी तापी पुढे सुरतेलाच समुद्राला मिळते आणि जळगावहून उधन्याला जाणारा सुमारे ३०० किलोमीटरचा लोहमार्गही बराचसा तिच्याच खोऱ्यातून जातो. १९६१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांवर गेली. हद्दवाढीमुळे आत आलेली गावे वजा केली तरी ही वाढ प्रचंडच म्हटली पाहिजे, आणि तीत खानदेशी माणसाचा वाटा मोठा आहे.

हा माणूस सुरतेत कुठे उतरतो? लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत. म्हणजे जेथे त्याच्या आधी त्याचा मामा, साडू किंवा गल्लीतला कोणी उतरलेला असतो तेथे. सौराष्ट्रातून आलेले हिरेकामगार वराछा आणि कतारगामच्या बाजूला अधिक, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार त्यांच्या स्वतंत्र वस्त्यांत, आणि खानदेशी खानदेशींत. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एका निबंधात दाखवून दिले होते की, शेजारी निदान काही लोक आपल्यापैकी असावेत एवढी माफक इच्छा प्रत्येकाने बाळगली, तरी तिच्या बेरजेतून संपूर्ण अलग वस्त्या तयार होऊ शकतात. कोणी कोणाचा द्वेष करावा लागत नाही. अर्थात जेथे घरमालक आधी आडनाव आणि मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतो, तेथे ही वाटणी केवळ भाडेकरूच्या इच्छेने होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

भाऊबंदांजवळ राहण्याच्या या रीतीला मागासलेपणा म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षित पुष्कळ आहेत. त्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. नव्या शहरात आलेल्या माणसापाशी अनामत रक्कम नसते, ओळख नसते आणि पहिला पगार महिनाभर दूर असतो. मामाच्या शब्दावर खोली मिळते, किराणा दुकानदार उधारी लिहून ठेवतो, कोणत्या कारखान्यात जागा आहे ते रात्रीच्या जेवणात समजते. बँक, विमा कंपनी आणि रोजगार कार्यालय ही तिन्ही कामे एक गल्ली विनामूल्य करते. तेव्हा पहिले काही महिने तेथे काढणे हा शहाणपणाचाच निर्णय होय. अडचण पुढे सुरू होते. तात्पुरते म्हणून मांडलेले बिऱ्हाड तेथेच दहा वर्षे राहते आणि मधल्या काळात पुन्हा निवड करावी, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

भाडे कमी का असते, हा प्रश्न अर्थशास्त्रात फार जुना आहे. फोन थ्यूनेन या जर्मन शेतमालकाने १८२६ मध्ये असे मांडले की, बाजारपेठेपासून जमीन जितकी दूर तितका तिचा खंड कमी, कारण वाचलेला खंड वाहतुकीत खर्च होतो. सावदा, निंभोरा आणि रावेर या स्थानकांवरून उत्तरेकडे केळी पाठवणाऱ्यांना हा सिद्धांत शिकवण्याची गरज नाही. शहरातल्या खोलीलाही तोच नियम लागू पडतो. फरक इतकाच की, तेथे अंतराबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी भाड्यातून वजा झालेल्या असतात. खाडीकाठची जमीन स्वस्त असते, कारण पावसाळ्यात खाडीचे पाणी घरात शिरते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला, तो प्रसंग मोठा म्हणून लक्षात राहिला. परंतु तापीला पूर नसतानाही केवळ मोठ्या पावसाने मिठी खाडी फुगते आणि लिंबायतेतील सखल वस्त्यांत पाणी भरते. ज्याने धान्याचे पिंप आणि मुलांची दप्तरे पाण्यातून बाहेर काढली आहेत, त्याने दरमहा वाचवलेले भाडे दोन दिवसांत परत केलेले असते.

वस्तीचे दोष जन्मजात नसतात, हेही सुरतेनेच दाखवले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक हे शहर सोडून पळाले, आणि १९९५ पासून एस. आर. राव यांच्या आयुक्तपदाच्या काळात तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले. तथापि गटार, नळ आणि दिवा या गोष्टी वस्ती-वस्तीला कमी-अधिक वेगाने पोहोचतात, आणि भाडेकरूने त्या आपल्या डोळ्यांनी पाहून घेणे एवढेच त्याच्या हाती असते. ही पाहणी पावसाळ्यात केलेली बरी. मार्चमध्ये सगळ्याच वस्त्या कोरड्या असतात.

खरी मेख पुढेच आहे. खोली निवडतो कमावता पुरुष, आणि तो निवडतो कारखान्यापासूनचे अंतर पाहून. दिवसाचे दहा-बारा तास तो वस्तीच्या बाहेर असतो. वस्तीत राहतात ती त्याची बायको आणि मुले. पाण्यासाठी मोडणारी झोप, संध्याकाळनंतर मुलीला बाहेर पाठवता न येणे आणि पालिकेच्या दवाखान्यापर्यंतची पायपीट हा खर्च त्यांच्या वाट्याला येतो. त्यांचे मत मात्र बिऱ्हाड हलल्यावरच ऐकू येते.

मुलांच्या बाबतीत तर वयाचा हिशेब अत्यंत कठोर आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत देण्यात आली. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा पुढे माग काढला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तेरा वर्षांच्या आत असताना बऱ्या वस्तीत गेलेल्या मुलांचे विशी उलटल्यानंतरचे उत्पन्न इतरांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक भरले. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना असा लाभ झालेला दिसला नाही; उलट किंचित तोटाच झाला. अमेरिकेतील आकडा लिंबायतेला जसाच्या तसा लावता येणार नाही हे उघड आहे. पण ‘आधी स्थिरस्थावर होऊ, मग चांगल्या ठिकाणी जाऊ’ असे म्हणत जी वर्षे जातात ती नेमकी मुलांची वर्षे असतात, एवढे तरी त्यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे यात भाषेची गुंतागुंत आहे. रावेरचे मूल घरात लेवा बोली किंवा तावडी बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि उधन्याच्या गाडीतून उतरले की एकदम गुजरातीपुढे उभे राहते. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांच्या प्राथमिक शाळाही चालवते. देशात असे उदाहरण विरळाच, आणि त्याबद्दल त्या शहराचे मनापासून कौतुक केले पाहिजे. मराठी शाळा साहजिकच मराठी वस्त्यांत आहेत, शहरभर नाहीत. म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाला घेऊन जाणारा बाप खोली निवडतो तेव्हा मुलाच्या शिक्षणाची भाषाही निवडत असतो, आणि बहुधा त्याला याची जाणीव नसते. पहिलीतले मूल गुजराती शाळेत सहज रुळेल. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती विषय सर्वच शाळांना सक्तीचा झाला आहे, तेव्हा ती भाषा कोणालाच चुकलेली नाही. सातवीतल्या मुलाला मात्र मराठी वर्ग मिळाला नाही, तर ते पुष्कळदा शाळेऐवजी साडीच्या घड्या घालण्याच्या कामावर दिसू लागते.

यातून एक पेचही निर्माण होतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना परवडते ती कुटुंबे पूर-पाण्याच्या वस्त्यांतून बाहेर पडली की मराठी वर्गाची पटसंख्या घटते आणि मागे राहिलेल्यांची शाळाच धोक्यात येते. म्हणून लोकांनी तेथेच राहावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्या वस्त्यांतून निवडून गेलेल्या मराठी लोकप्रतिनिधींना शाळेचा पट आणि खाडीचा काठ या दोन्ही गोष्टींचा जाब विचारण्याचा अधिकार मतदारांना निश्चित आहे.

पुण्याला जाणाऱ्या पदवीधराची गोष्ट वेगळी वाटते, पण फारशी नाही. तोही दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी कचेरीपासून लांब राहतो आणि दररोज अडीच तास रस्त्यावर घालवतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बासष्ट तासांहून अधिक वेळ झाला. त्या तासांना त्याने स्वतःच्या पगाराच्या दराने गुणून पाहावे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे पाचवे कलम या संदर्भात शिक्षकांनी पालकांना समजावून सांगण्यासारखे आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यासाठी मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेरही सरकारी, पालिकेच्या वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क त्याने दिला आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा लागतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. असे असूनही दिवाळीच्या सुटीत कुटुंब हलते आणि जूनपर्यंत मूल घरी बसते. आपल्याकडच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘स्थलांतर’ एवढा एकच शब्द पडतो. तो लिहिण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पालकाला नव्या वस्तीतील शाळेचे नाव आणि माध्यम विचारावे. दाखला अडवण्यासाठी नव्हे. तो हातात द्यावाच. परंतु नाव सांगता आले नाही तर तिकडच्या मामाला त्याच वेळी फोन लावून देण्यास फारसा वेळ लागत नाही.