गवत मारून गवत लावायचं?

रात्री साडेदहाचा स्लॉट, बारा जणांत वाटून घेतलेलं भाडं, त्यातल्या एकाचं नेहमीचं ‘उद्या जीपे करतो’ आणि घरी आल्यावर बुटांतून सांडणारे काळे रबराचे दाणे. परळ-लालबागच्या पोरापोरींना टर्फ म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. टर्फवर माझा राग अजिबात नाही. चाळीच्या पॅसेजमध्ये अंडरआर्म खेळून काचा फोडण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. मुलींनाही रात्री लाइट्समध्ये बिनधास्त खेळता येतं. हॉकी तर १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून कृत्रिम गवतावर गेली. नैसर्गिक गवतावर वाढलेले आपण तेव्हा थेट सातव्या नंबरावर गेलो. म्हणजे सपाट मैदानात, खेळण्यासाठी टर्फ हवंच.

पण यंदा मे महिन्यात हे टर्फ आमच्या गावाला निघालं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. लालबागमधल्या निम्म्या घरांचं असतं, तसंच. चुलतभावाला तिथे होमस्टे काढायचाय. त्याने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कुठल्या तरी व्हिलाच्या मागे अख्खा उतार हिरवागार आणि त्यावर बीनबॅग्ज. खाली मेसेज, ‘आपलं परडं पण असं करूया. बाराही महिने हिरवं!’ धडाधड अंगठे आले. दीड हजार चौरस फुटांचं दीड लाखाच्या पुढचं कोटेशनही आलं.

दादाचा मुद्दा खोटा नाही. दिवाळीनंतर आमचं परडं पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत नुसती लाल माती उरते. पुण्या-मुंबईचे पाहुणे पैसे देणार ते काय धुळीचे फोटो काढायला? पण मी त्या टर्फवाल्यालाच फोन लावला. म्हटलं, ‘उतारावर हे बसवता कसं?’ माणूस प्रामाणिक होता. त्याने सगळं सांगितलं. आधी आहे ते गवत मुळासकट काढायचं, पुन्हा उगवू नये म्हणून औषध मारायचं. मग जमीन चोपून कडक करायची, त्यावर खडी, त्यावर कापड आणि त्यावर टर्फ. वरच्या कडेला चर खणून टर्फ त्यात गाडायचं, नाहीतर अख्खी चटई खाली सरकते. जागोजागी लांब खिळे. आणि पाती उभी राहावीत म्हणून जी वाळू भरतात, ती उतारावरून खाली येतच राहते. दर वर्षी नवीन भरा.

आता पहिली पायरी पुन्हा वाचा. गवत लावण्यासाठी आधी गवत मारायचं!

दादरच्या फुलबाजारातून बाप्पासाठी दुर्वांची जुडी आणता ना? दुर्वा म्हणजे आपली हरळी. क्रिकेटवाले तिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. ती जमिनीवर सरपटत जाते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडते. पावसाचा थेंब आधी पात्यावर आपटतो, त्याचा जोर मोडतो, मग तो मातीत मुरतो. वरची माती मुळं धरून ठेवतात. उन्हाळ्यात ती मेल्यासारखी दिसते, पण पहिल्या सरीला पुन्हा उठते. प्लास्टिकच्या पात्याला हे कसं जमणार? टर्फला भोकं असतात, पाणी खाली जातं, हे खरं. पण खालची जमीन आपणच चोपून ठेवलेली! कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हे पाणी मुरलं नाही, तर टर्फखालून वाट काढणार. खडीतली बारीक माती घेऊन जाणार आणि तुमचं हिरवं कार्पेट जागोजागी खचणार.

आणि पुढे? पुढे खालचं घर.

गिरगावच्या चाळीतला सनातन वाद आठवा. वरच्याने गॅलरी धुतली आणि खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी आलं. डोंगरावर तोच वाद, फक्त पाण्यासोबत माती येते. आमच्या खालच्या घरातल्या काकी एवढंच म्हणाल्या, ‘तुमची चटई वर, पाणी आमच्या पडवीत.’ ग्रुपवरच्या सगळ्या अंगठ्यांना हे एक वाक्य पुरून उरलं.

उतार हा फक्त गावचा विषय आहे, असंही समजू नका. गिरगाव चौपाटीवरून मान वर केली की मलबार हिल दिसते. ऑगस्ट २०२०च्या मुसळधार पावसात तिथे बी. जी. खेर मार्गाचा उतार संरक्षक भिंतीसकट खाली आला होता. तिथे झाडं होती, भिंत होती, तरी हे झालं. म्हणून नुसतं गवत ठेवलं की दरड थांबते, असा माझा दावा नाही. गवत वरची माती धरतं, अख्खा डोंगर नाही. पण उतारावर सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा असतो आणि पाणी मुरायची वाट आपल्याच हाताने बंद करणं हा शहाणपणा नक्कीच नाही.

मग करायचं काय? आपल्या आजोबांनी जे केलं, तेच. उताराच्या पायऱ्या करायच्या, कडेला जांभ्याचा गडगा आणि पाण्याला चर. कडेला वाळा लावायचा. हो, माठातल्या पाण्यात घालतो तोच वाळा! त्याची मुळं सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. उतार धरायला तो जगभर लावतात. आणि टर्फ हवंच असेल, तर एका सपाट पायरीवर, सावलीत घाला. सावलीत अशासाठी, की भर उन्हात ते साठ अंशांच्याही वर तापतं. पाहुण्यांची पोरं अनवाणी धावणार कशी? शिवाय त्यातले रबराचे दाणे पाण्याबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने असे दाणे २०३१पासून विकायचेच नाहीत, असं २०२३मध्ये ठरवलंय. आपण ते खालच्या शेतात कशाला सोडायचे?

दादा अजून पुरता पटलेला नाही. ‘वाळ्याचं रील कोण बघणार?’ म्हणतो. सध्या एका पायरीपुरतं टर्फ आणि बाकी वाळा, एवढ्यावर घोडं अडलंय. पण तुमच्याही ग्रुपवर असा व्हिडिओ आला, तर अंगठा देण्याआधी एक करा. गणपतीला गावी जाल, तेव्हा भर पावसात छत्री घेऊन घरामागे दहा मिनिटं उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं आणि कुणाच्या दारात जातं, ते बघा. मग खालच्या घरात जाऊन चहा प्या आणि त्यांनाही विचारा. कोटेशन त्यानंतर मागवा.