परदेशी काम आणि चेन्नईचा नोकरदार

अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासल्यावर जी टिपणे बोलून ठेवतात, ती ऐकून टाइप करण्याचे काम, म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईत येऊ लागले. तिकडे रात्र तेव्हा इकडे दिवस, इंग्रजी जाणणारे पदवीधर मुबलक आणि पगार तिकडच्या मानाने फारच कमी, एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला. पुढे आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर आली आणि निव्वळ टायपिंगचे मोल उतरले. औषधांची नावे, शरीररचना आणि निदानाची भाषा ज्यांना कळू लागली होती, त्यांना मेडिकल कोडिंगची वाट मोकळी होती. विमा कंपनीकडून पैसे मिळावेत म्हणून प्रत्येक आजाराला व उपचाराला ठरावीक संकेतांक लावण्याचे हे काम. त्याच्या भारतातील मोठ्या केंद्रांत आज चेन्नईची गणना होते. 1 ऑक्टोबर 2015 रोजी अमेरिकेने आयसीडी-10 ही नवी संकेतांक-पद्धती लागू केली आणि निदानाचे सुमारे 14 हजार संकेतांक सुमारे 68 हजारांवर गेले. नुसते पाठांतर आता पुरेना. हाड कोणत्या बाजूचे मोडले, रुग्णाची ही पहिली भेट की नंतरची, हे केसपेपर वाचून ठरवावे लागले. अलीकडे सोपे संकेतांक संगणकच सुचवतो. माणसाकडे उरतात ती गुंतागुंतीची प्रकरणे आणि विमा कंपनीने नाकारलेले दावे. आजार समजणाऱ्याचीच तिथे गरज असते.

कारखान्यात असे वळण घेणे फार अवघड. चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरचा नोकियाचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला. करविवादामुळे तो मायक्रोसॉफ्टला झालेल्या मोबाइल व्यवसायाच्या विक्रीतून वगळला गेला आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी बंद पडला. आसपासच्या गावांतून आलेल्या हजारो तरुणी तिथे फोनची जुळणी करीत. त्यांनी नवे काही शिकून घेतले नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. असेंब्ली लाइनवर एका टप्प्यापलीकडचे काम हाती येतच नाही. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातील मोटार उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि चेन्नईजवळच्या मरैमलै नगरच्या कारखान्यातून शेवटची मोटार जुलै 2022 मध्ये बाहेर पडली. त्याच कंपनीचे चेन्नईतील अभियांत्रिकी व सॉफ्टवेअरचे कार्यालय मात्र चालू राहिले. तिथल्या कामाचा इथल्या खपाशी संबंध नव्हता. ते कंपनीच्या जगभरच्या कारभारासाठी होते.

शिकण्याची सोय या शहरात आहे. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये जाहीर केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला वयाची अट नाही, जेईईचीही सक्ती नाही. तमिळनाडू सरकारची ‘नान मुदल्वन’ योजना 2022 पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उद्योगांना लागणारी कौशल्ये शिकवते. पण नोकरीत असलेल्यांची खरी अडचण वेळेची आहे. विमा दाव्यांचा पाठपुरावा करणाऱ्यांची पाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. पहाटे घरी परतणाऱ्याने अभ्यास कधी करायचा? शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरावेत आणि परीक्षेचे शुल्क कंपनीने भरावे, ही मागणी चेन्नईतल्या तारामणीइतकीच हिंजवडी आणि ऐरोलीतल्या कर्मचाऱ्यांनीही लावून धरण्याजोगी आहे.