बेडलम : गोंधळ नव्हे, हॉस्पिटल!

सबमिशनच्या आदल्या दिवशी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जी झुंबड उडते, तिला इंग्रजीत एक फिट्ट शब्द आहे. बेडलम! म्हणजे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही असा गोंधळ. पण मुळात हे एका हॉस्पिटलचं नाव आहे, हे किती जणांना माहितीये?

१२४७ मध्ये लंडनला ‘सेंट मेरी ऑफ बेथलेहेम’ नावाचा मठ सुरू झाला. पुढे त्याचं हॉस्पिटल झालं आणि १४०० च्या आसपास तिथे मानसिक आजाराचे रुग्ण ठेवले जाऊ लागले. बोलता बोलता बेथलेहेमचं झालं बेडलम. १६७६ मध्ये हॉस्पिटल मूरफील्ड्सच्या नव्या, देखण्या इमारतीत गेलं. तिचा आराखडा केला रॉबर्ट हूकने. हो, फिजिक्समध्ये स्प्रिंगचा नियम शिकवणारा तोच हूक!

पण आत काय चालायचं? लोक चक्क रुग्ण ‘बघायला’ यायचे. दानपेटीत पैसे टाकायचे, साखळीतल्या माणसांना हसायचे, घरी जायचे. १७७० मध्ये या मोकाट भेटींवर बंधनं आली. पण तोवर हॉस्पिटलच्या नावाचा अर्थ ‘गोंधळ’ असा होऊन बसला होता. आजारी माणसांचं दुःख बघ्यांच्या कानांना नुसता आरडाओरडा वाटलं आणि डिक्शनरीत तेच उरलं.

गोऱ्यांना नावं ठेवण्याआधी जरा आपला कट्टा आठवा. ‘याला ठाण्याला पाठवा रे’, ‘येरवड्यात बेड बुक कर’. जिथे माणसं बरी व्हायला जातात, त्या गावांची नावं आपणही शिवीसारखी वापरतोच ना? म्हणणाऱ्याला ती गंमत वाटते. पण त्याच ग्रुपमध्ये एखादी मैत्रीण रात्र रात्र झोपू शकत नसेल, काउन्सेलरकडे जावं का या विचारात असेल, तर त्या एका जोकनंतर ती कुणाला काही सांगेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला सन्मानाने जगण्याचा हक्क दिलाय. पण कट्ट्यावर कायदा येत नाही, तिथे आपणच असतो.

‘बेडलम’ शब्दावर बंदी घाला, असं मुळीच म्हणणं नाही. ते हॉस्पिटल आजही लंडनमध्ये सुरू आहे, तिथे रुग्णांवर नीट उपचार होतात. शब्द मात्र अजून जुन्याच बघ्यांच्या रांगेत उभा आहे. आपण त्या रांगेतून बाहेर पडलो, तरी पुष्कळ झालं.