चिमणीच्या घरट्याचा वार्षिक ताळेबंद

दिवाळीपूर्वी आपण दुकाने झाडतो, फळ्यांवरील माल उतरवून मोजतो आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडतो. या साफसफाईत तसबिरींमागची, शटरच्या पेटीतली चिमण्यांची घरटी पुष्कळदा कचरा समजून खाली ओढली जातात. आपल्या प्रदेशात चिमणीची वीण वर्षातील बहुतेक महिने चालते. त्या काडीकचऱ्यात दिवाळीच्या दिवसांतही अंडी किंवा पिले असू शकतात. जीवदया मानणाऱ्या घरी नकळत होणारी ही हिंसा टाळता येण्याजोगी आहे.

मराठवाड्यातील जुनी घरे दगडमातीची, लाकडी लादणीची, वर मातीचे धाबे असलेली. भिंतींचे सांधे, फटी आणि कोनाडे चिमणीला आयतेच मिळत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील अशी असंख्य घरे कोसळली आणि त्यांच्या जागी सिमेंटच्या वसाहती उभ्या राहिल्या. ते माणसांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच होते. परंतु गुळगुळीत भिंतीत चिमणीला थारा उरला नाही. लाकडी घरट्यांची गरज येथूनच निर्माण होते. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने घरटी वाटली जातात, टांगलीही जातात. पुढे मात्र त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. कर्ज मंजूर करणे सोपे, त्यावर देखरेख ठेवणे कठीण, हा बँकेतील अनुभव येथेही लागू पडतो.

चिमणी एकाच घरट्यात लागोपाठ अनेकदा पिले वाढवते. जुन्या गवतात पिसवा व गोचिडीसारखे कीटक साठतात. थरावर थर चढून घरटे तोंडापर्यंत आले की पिले मांजराच्या आणि कावळ्याच्या आटोक्यात येतात. म्हणून वर्षातून एकदा, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, घरटे साफ करावे.

आदान-निक्षेपण समिती आपल्याला परिचित आहे: वस्तू उचलताना व ठेवताना आधी नीट पाहावे. घरट्यासाठी हाच पहिला नियम. चार-पाच दिवस दुरून लक्ष ठेवावे. चिमणी चोचीत चारा घेऊन ये-जा करीत असेल किंवा आतून चिवचिव येत असेल, तर हात लावू नये. अंड्यांतून पिले बाहेर येण्यास सुमारे १२ दिवस आणि ती उडून जाण्यास आणखी सुमारे १५ दिवस लागतात. महिनाभर थांबल्याने आपले काही बिघडत नाही.

घरटे रिकामे असल्याची खात्री झाल्यावर ते सकाळीच उतरवावे. विष्ठेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधावा, हातमोजे घालावेत. आतील गवत जाळू नये. त्यातही सूक्ष्म जीव असतात. ते कुंपणाच्या कडेला, पायाखाली येणार नाही अशा सावलीत ठेवावे. पेटी काही वेळ सावलीत उघडी ठेवली तर आतले कीटक आपोआप निघून जाण्यास अवसर मिळतो. नंतर कोरड्या मऊ कुंच्याने झाडून ती उन्हात ठेवावी. कीटकनाशक, फिनेल, डांबराच्या गोळ्या किंवा आतून रंग यांपैकी काहीही वापरू नये. शेवटी साबणाने हात धुवावेत.

थंड देशांत काही जण हिवाळ्यात अशा पेट्या उतरवून अडगळीत ठेवतात. आपण तसे करू नये. चिमणी आपले गाव सोडून जात नाही. बालाघाटच्या पठारावरील गार रात्री काढण्यासाठीही तिला आडोसा लागतो. लाकडी पेटी शक्यतो त्याच दिवशी सायंकाळपूर्वी जागेवर टांगावी. ती जमिनीपासून ८ ते १० फूट उंच, छताच्या पंख्यापासून दूर आणि पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशी असावी. तोंड सुमारे ३२ मिलिमीटरचे पुरते. पुठ्ठ्याची घरटी मात्र पावसात भिजून फुगतात. ती सुकवून, कोरड्या गोणीत घालून, वाळवी लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवावीत आणि माघात पुन्हा लावावीत.

नोकरांकडून साफसफाई करून घेणाऱ्या व्यापारी बंधूंनी ही सूचना त्यांनाही अवश्य द्यावी. वर्षभरात किती घरटी लावली हा आकडा ताळेबंदात जमा धरू नये. किती पिले सुखरूप उडाली, तीच खरी शिल्लक.