प्रमाणपत्र मालकाचे, जीव कामगाराचा

कराचीच्या बलदिया टाउन भागातील अली एन्टरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला 11 सप्टेंबर 2012 रोजी आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गुदमरून, होरपळून मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा कुलुपबंद होत्या. याच कारखान्याला अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी इटलीतील एका संस्थेने ‘एसए 8000’ हे कामगारहिताचे व सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बहाल केले होते! पुढे 2020 मध्ये तेथील न्यायालयाने ही आग लावण्यात आली होती असा निर्णय दिला. तो शिरोधार्य मानला तरी मूळ प्रश्न हलत नाही. आग कोणीही लावो. कुलुपे घातलेल्या त्या इमारतीला सुरक्षित ठरविले कोणी, आणि कशाच्या बळावर?

याचे उत्तर केवळ लाचखोरीत शोधणे भाबडेपणाचे होईल. प्रमाणपत्र ही आज क्रयवस्तू झाली आहे. तिचा खरेदीदार मालक, विक्रेती तपासणी संस्था. आणि ज्याचा जीव तिच्यावर अवलंबून, तो कामगार या सौद्यात कोठेच नाही. कडक तपासणी करणारी संस्था गिऱ्हाईक गमावते, सौम्य संस्थेची भरभराट होते. त्यातून हा माल असा की, त्याचा खरेखोटेपणा आग लागल्यावरच कळतो.

यंत्रसामग्रीचीही तीच कथा. 2017 मध्ये अमेरिका व कॅनडा येथून किडी या कंपनीची सुमारे 4 कोटी अग्निशामक नळकांडी परत मागविण्यात आली. प्लॅस्टिकच्या मुठीची ही नळकांडी ऐन वेळी तुंबत. 2014 मध्ये एका मोटार अपघातानंतर ती चालली नाहीत आणि एक माणूस दगावला. दोष वेळेवर न कळविणे आणि नोंदणीकृत सुरक्षाचिन्हाचा गैरवापर करणे, या आरोपांवरून 2021 मध्ये कंपनीवर 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे तर नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की सारे निश्चिंत! तो काटा वायूचा दाब सांगतो. आतल्या भुकटीचा दगड झाला आहे काय, हे सांगत नाही.

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्याकडे देणे बंधनकारक केले. ते देते परवानाधारक संस्था; तिला नेमतो आणि पैसे मोजतो मालकच. म्हणजे कराचीचाच सौदा, फक्त शासनाच्या शिक्क्यानिशी.

हे अटळ नाही. 2013 मध्ये ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसे चिरडली गेल्यावर बांगलादेशात कामगार संघटना व परदेशी खरेदीदार कंपन्या यांच्यात बंधनकारक करार झाला. त्याच्या नियंत्रणात संघटनांना बरोबरीचे स्थान मिळाले, तपासणीचे अहवाल जाहीर होऊ लागले, धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क मान्य झाला.

आपल्या संघटना बोनसच्या वाटाघाटींत जेवढ्या दक्ष असतात, तेवढ्या येथे का नसाव्यात? तपासणी संस्था मालकाने नव्हे, अग्निशमन खात्याने नेमावी. मालकाने शुल्क खात्याकडे भरावे. तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा, त्याच्यासमोर दोन-चार नळकांडी प्रत्यक्ष चालवून पाहावीत, प्रत्येक दार रात्रपाळीत उघडून पाहावे. कायदा बदलण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांना एक गोष्ट आजच करता येईल: जानेवारीत व जुलैत दिल्या जाणाऱ्या त्या कागदाची प्रत मागून घेणे आणि ती फाटकावर लावणे.