जुने वादक, नवें गाणें

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण सर्वच जण वेळीं-अवेळीं वापरीत असतों. सोनें जुनें झालें तरी त्याचें मोल घटत नाहीं हें खरें. परंतु पेटींत कुलूपबंद ठेवलेलें सोनें आपोआप वाढतही नाहीं. मनुष्याच्या लौकिकाचेंही असेंच आहे. तारुण्यांत मिळविलेल्या कीर्तीवर उरलेलें आयुष्य कंठावें, कीं उतारवयाच्या उंबरठ्यावर पुन्हां नवें काम हातीं घ्यावें, हा प्रश्न आज ना उद्यां प्रत्येकापुढें येतो. त्याचा विचार आम्ही एका दूरदेशच्या, आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांस कर्कश वाटेल अशा, संगीताच्या उदाहरणावरून करणार आहों.

अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत ‘पंक’ नांवाचा रॉक संगीताचा एक प्रकार तरुणांत पसरला. ‘हार्डकोर’ हा त्याचाच अधिक वेगवान व अधिक उग्र असा पोटप्रकार होय. त्यांतील पुष्कळ गाणीं एक-दीड मिनिटांतच आटोपतात. गिटार व ड्रम यांचा भडिमार चालतो. आणि गायक गातो असें म्हणण्यापेक्षां ओरडतो असें म्हणणेंच अधिक सयुक्तिक होईल. वॉशिंग्टन शहरांतील इयन मॅकाय (जन्म १९६२) व जेफ नेल्सन हे दोघे शाळासोबती ह्या संगीताच्या नादीं लागले. त्यांच्या ‘टीन आयडल्स’ ह्या बँडनें कार्यक्रमांची मिळकत वांटून न घेतां सिगारच्या एका पेटींत सांठविली. १९८० सालीं बँड मोडला, तेव्हां पेटींत सुमारें ६०० डॉलर जमले होते. ते चैनींत न उडवितां ह्या मुलांनीं आपल्या गाण्यांची तबकडी काढली, आणि त्याकरितां ‘डिस्कॉर्ड’ ही स्वतःची संस्था स्थापिली. तबकड्यांचीं वेष्टनें कापणें, दुमडणें व चिकटविणें हें सारें काम त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं आपल्या हातांनींच केलें. ती संस्था आजही चालू आहे.

मॅकाय यांच्या पुढच्या ‘मायनर थ्रेट’ ह्या बँडनें १९८१ सालीं ‘स्ट्रेट एज’ नांवाचें एक गाणें काढलें. तें पाऊण मिनिटाचें आहे. मद्य व अंमली पदार्थ यांवांचून आपलें कांहीं अडत नाहीं, असा त्याचा आशय आहे. तें गाणें कोणा उपदेशकाचें नसून भोंवतालचे सवंगडी नशेंत बुडालेले पाहणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचें आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तिकडे असे कार्यक्रम बहुधा मद्य विकणाऱ्या जागीं होत, व अल्पवयीनांस मज्जाव असे. त्यांस आंत घेतलेंच, तर मद्य देऊं नये म्हणून त्यांच्या हातावर काळी फुली काढीत. बंदीची ती खूण पुढें मुलांनीं आपण होऊन अभिमानानें मिरविली. ह्या विचाराच्या कांहीं अनुयायांनीं पुढें मद्य पिणाऱ्यांवर दांडगाई केली, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु आपण कोणती चळवळ काढण्यासाठीं तें गाणें रचलें नव्हतें, असेंच मॅकाय सांगत आले.

१९८७ सालीं मॅकाय, बासगिटार वाजविणारे जो लॅली व आणखी दोघे यांनीं ‘फुगाझी’ नांवानें कार्यक्रम सुरू केले. तिकीट साधारणतः ५ डॉलर, प्रवेश सर्व वयाच्या श्रोत्यांस, हा त्यांचा परिपाठ होता. श्रोत्यांत कोणी धसमुसळेपणा करून इतरांस इजा करूं लागला, तर गाणें थांबवून त्यास समज देत, आणि तो न ऐकल्यास त्याचे ५ डॉलर परत करून बाहेर घालवीत. हजाराहून अधिक कार्यक्रम झाल्यावर २००२ सालीं हा प्रवास थांबला.

आतां आमच्या मुख्य मुद्याकडे वळूं. २०१५ सालीं मॅकाय व लॅली पुन्हां एकत्र आले. त्यांच्याबरोबर ड्रम वाजविण्यास एमी फरिना होत्या. त्या पूर्वी ‘द वॉर्मर्स’ ह्या बँडमध्यें वाजवीत, आणि २००१ पासून मॅकाय यांच्यासह ‘द ईव्हन्स’ ह्या दोघांच्याच बँडमध्यें होत्या. ह्या तिघांच्या नव्या बँडचें नांव ‘कोरिकी’. फुगाझीच्या चौघांपैकीं दोघे येथें असतांना तें जुनें नांव पुढें करून मोठमोठीं सभागृहें भरविणें त्यांस कठीण गेलें नसतें, असें आम्हांस वाटतें. तें त्यांनीं केलें नाहीं. तीन वर्षें ते गाजावाजा न करतां गाणीं बसवीत राहिले, आणि २०१८ सालीं श्रोत्यांपुढें आले. तोंवर मॅकाय यांचें वय छप्पन्न झालें होतें. त्यांची ११ गाण्यांची पहिली तबकडी जून २०२० मध्यें, जग साथीनें ग्रासलेलें असतां, निघाली. तींत पूर्वीचा भडिमार नाहीं. चाल संथ आहे, शब्द ऐकूं येतात, आणि तिघेंही गातात.

आमच्या मतें हीच गोष्ट अनुकरणीय आहे. जुन्या वादकांनीं एकत्र येऊन जुनींच गाणीं वाजवावीं, आणि श्रोत्यांनीं आपलें तारुण्य आठवून टाळ्या वाजवाव्या, असे सोहळे जगांत पुष्कळ होतात. त्यांत पाप नाहीं. परंतु त्यांत वाढही नाहीं. छप्पन्न वर्षांच्या मनुष्यानें एकोणीस वर्षांच्या मुलाचा आव आणणें हें एक प्रकारचें सोंगच होय. उलट, आज जें दिसतें व जें सुचतें तें आजच्या आवाजांत मांडणें, आणि नवें नांव घेऊन पुन्हां पहिल्या पायरीवर उभें राहणें, ह्यास धैर्य लागतें. कारण तेथें अपयशाचा संभव असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘ज्याचें नांव अगोदरच झालें आहे व ज्याच्या घरचीच संस्था आहे, त्याच्या धैर्याचें एवढें कौतुक कशाला? नवख्यास असा श्रोता कोण देणार?’ हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु ती संस्था त्यांस वारशानें मिळालेली नव्हती; सिगारच्या पेटींत सांठविलेल्या पैशांतून ती उभी राहिली होती. शिवाय ओळखीचें नांव श्रोत्यांस दारापर्यंत आणतें. गाणें नीरस असल्यास त्यांस बसवून ठेवूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या संगीताची गोडी तुम्हांस लागावीच असा आमचा आग्रह नाहीं. मात्र स्नेहसंमेलनांत एकदां मिळालेल्या बक्षिसावर वर्षानुवर्षें समाधान मानूं नका, आणि परीक्षा जवळ आली म्हणून बंद करून ठेवलेली बाजाची पेटी कायमची बंद राहूं देऊं नका. पैसा थोडा असला तरी तो सांठवून आपलें काम आपल्या हातांनीं करतां येतें, हें तुमच्याच वयाच्या मुलांनीं दाखवून दिलें आहे.

पालकवर्गासही आमची एक विनंती आहे. मुलांच्या आवडीचें गाणें कर्कश वाटलें, तर त्यास नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांत काय म्हटलें आहे तें एकदां विचारून पाहावें. आणि दुसरें असें कीं, आपल्या समाजांत पन्नाशीच्या गृहस्थानें तबला शिकावयास घेतला, किंवा चार मुलांच्या आईनें पुन्हां गावयास आरंभ केला, तर घरचींच माणसें हंसतात. तें हंसणें मुलें ऐकतात, आणि शिकण्याचें वय एकदां सरलें कीं सरलें, असा धडा त्यांतून घेतात. शाळेंत आम्ही कितीही निराळें शिकविलें, तरी तो धडा पुसणें आम्हांस कठीण जातें. म्हणून ज्यांची एखादी विद्या अर्धवट राहिली असेल, त्यांनीं ती ह्याच वर्षीं पुन्हां हातीं घ्यावी, आणि मुलांच्या देखत चुकत-माकत शिकावी. मुलांस दुसरा कोणताही उपदेश करण्यापेक्षां ह्याचा उपयोग अधिक होईल, अशी आमची खात्री आहे.